सतराव्या वळणाचा आकडा

"पानं कुठं बघायची?" हा प्रश्न आमच्या पर्यटन कार्यालयात ऑक्टोबर महिन्यात दिवसाला शंभरदा तरी येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं. मी नकाशा पुढे सरकवते, त्यावर लाल पेनने तीन गोल काढते आणि हसते. तोकुजी शिबुए यांना हाच प्रश्न कोणी घाटात गाठून विचारला, तर ते आधी विचारणाऱ्याच्या बुटांकडे बघायचे, मग गाडीकडे.

"वर जाताना काही बघू नका," ते सांगायचे. "वर जाताना ड्रायव्हरला रस्ता दिसतो आणि बाकीच्यांना ड्रायव्हरची मान. बाविसाव्या वळणापर्यंत जा, गाडी फिरवा, मग उतरताना बघा. ऊन समोरून यायला हवं, पाठीवर नाही. पाठीवर ऊन घेऊन पानं बघायची असतील तर फोटोच विकत घ्या की."

एवढं बोलून आपल्या छोट्या पांढऱ्या ट्रकात बसून निघून जायचे. टोकियोहून आलेली माणसं नंतर माझ्याकडे तक्रार करायची की तुमच्या घाटात एक म्हातारा आहे, फार तुसडा आहे. मी माफी मागायचे. त्या माफीचा मला कधी त्रास झाला नाही. दुसरी एक माफी होती, तिने अकरा वर्षं मला छळलं. तीच सांगायला बसले आहे, त्यामुळे मला चांगलं म्हणायची घाई कोणी करू नये.

शिबुए-सान मूळचे रस्ता खात्यातले. हिवाळ्यात शिराकुरा घाटातला बर्फ काढायचं यंत्र चालवायचे, उन्हाळ्यात दरडी उचलायचे. घाटाची चौतीसही वळणं त्यांना आपल्या दातांसारखी पाठ होती, कुठलं दुखतं तेही. निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून पानांचा आकडा तेच देत. एक ऑक्टोबरपासून घाट बंद होईपर्यंत रोज पहाटे वर जायचे, सतराव्या वळणावरची सात झाडं बघायचे, घरी परतून सात वाजता मला फोन करायचे. मोबाइलला तिथे रेंज नाही, आणि असती तरी त्यांनी तो घेतला नसता.

"सतरावं वळण. चार."

एवढंच. नमस्कार नाही, हवापाणी नाही. मी तो आकडा स्टेशनबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचे आणि आठ वाजता गावच्या भोंग्यावरून वाचायचे. "शिराकुरा घाट, दहापैकी चार." हॉटेलवाले, बसवाले, शाळा, वृद्धाश्रम, सगळे त्या आकड्यावर आपली सहल ठरवत. आठ म्हणजे निघा. नऊ म्हणजे काल यायला हवं होतं. दहा ते कधीच सांगत नसत. "दहा झालं की ते जमिनीवर असतं," म्हणायचे, "आणि जमिनीचा आकडा द्यायला मी झाडूवाला नाही."

ती सात झाडं काही देखणी नव्हेत. तीन मेपल, दोन बीच, एक रानचेरी आणि एक नानाकामादो, लाल फळांच्या घोसांचं. कठड्याशी या सातांबाहेरचं एक मेपल आहे, सप्टेंबरातच पेटल्यासारखं लाल होतं, सगळे फोटो त्याचेच. शिबुए-सान त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. "आजारी आहे ते," म्हणायचे. "सगळ्यांच्या आधी जे लाल होतं, त्याच्या मुळांशी काहीतरी बिनसलेलं असतं. आजाऱ्याचा ताप बघून गावाची हवा सांगू नये."

आकडा काढायची त्यांची रीत मी पुष्कळ उशिरा शिकले. हातमोजा काढायचा, पान दोन बोटांत धरायचं आणि बाळाचा कान ओढावा इतकं हलकं ओढायचं. सोडत नसेल तर अजून दिवस आहेत. हातात आलं तर दोन दिवस. हात लावायच्या आधीच पडलं तर घरी जा.

ही सातच झाडं का, याचंही कारण होतं. त्यांची बायको, हात्सुए-सान, वीस वर्षं सतराव्या वळणावर टपरी चालवायची. सोयात शिजवलेले कोन्याकुचे, एका कंदाच्या पिठाचे, गोळे काडीला टोचून विकायची. टपरीच्या खिडकीतून जेवढी झाडं दिसत तेवढी सात. "मला काय सगळा डोंगर दिसतोय होय," हात्सुए-सान म्हणायची. "मला दिसतात ती मोज." नवऱ्याला चारचौघांत अरे म्हणणारी आमच्या गावातली ती एकटीच बाई. ते तिला काही बोलत नसत, फक्त गोळ्यांना मोहरी जास्त लावून घेत.

मग तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. टपरी बंद झाली आणि ती गावातल्या वृद्धाश्रमात राहायला आली, कारण वरच्या वस्तीत हिवाळ्यात रुग्णवाहिका पोचत नाही. शिबुए-सान वर एकटेच राहिले. कोणी म्हणालं, खाली राहायला या. तर म्हणाले, "आकडा कोण देणार? तुझा बाप?"

त्या वर्षाची गोष्ट ही. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, कार्यालयात पाचवं वर्ष.

त्या वर्षी सप्टेंबर संपतानाच थंडी पडली आणि रंग भराभर उतरायला लागला. आमचा इमोनीचा सोहळा ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी असतो. नदीकाठी भलंमोठं पातेलं लागतं, अळकुड्या, मांस, कांद्याची पात, आणि बसच्या बस भरून माणसं येतात. आधी पानं, मग रस्सा. सोहळा हॉटेल संघाचा, आणि संघाचे अध्यक्ष ओकाबे-सान. अंगाने गोल, स्वभावाने गोड, आणि नको असलेलं काम दुसऱ्याच्या हातून करून घेण्यात पटाईत.

त्या आठवड्यात बुधवारी सात वाजता फोन आला.

"सतरावं वळण. आठ."

मंगळवारी त्यांनी पाच सांगितले होते. एका दिवसात पाचावरून आठ! मला जरा नवल वाटलं, पण त्यांना उलट विचारायची गावात पद्धत नव्हती. मी खडू उचलला, तेवढ्यात ओकाबे-सान चहा प्यायला आत आले. ते रोज येत.

"किती?"

"आठ."

त्यांनी कप खाली ठेवला. "किनुए-चान, जरा थांब. आज आठ लिहिलंस तर लोक उद्या-परवाच उरकून जातील. रविवारी रस्सा काय बदकांना घालायचा?"

"पण शिबुए-सान म्हणाले—"

"म्हणू देत ना. त्यांनी डोंगर बघितला, आपण गाव बघायचं. शनिवारपर्यंत सहा ठेव. शुक्रवारी हवं तर सात कर, हळूहळू चढल्यासारखं दिसेल. झाडं काही फळा वाचत नाहीत गं!"

ते हसले. मीही हसले. माझ्या हातातला खडू सहाच्या वळणाने कधी फिरला ते मला कळलंही नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण कळलं होतं. मी सहा लिहिला, नीट, गोलसर, नेहमीपेक्षा चांगला. आठ वाजता भोंग्यावरून तोच वाचला. वरच्या वस्तीत भोंगा ऐकू जात नाही, हे मला माहीत होतं, आणि वाचताना ते माझ्या डोक्यात होतं.

गुरुवारी पुन्हा फोन. "सतरावं वळण. आठ." मी सहा लिहिला. शुक्रवारी पुन्हा "आठ." मी सात लिहिला. तीन दिवसांत तीन वेळा मी त्या माणसाच्या तोंडचा आकडा बदलला आणि तीनही वेळा दुपारचं जेवण मला व्यवस्थित गेलं.

शुक्रवारी दुपारपासून वारा सुटला. रेडिओवर वादळ समुद्रातून पुढे जाईल म्हणत होते, ते गेलं नाही. शनिवारी दिवसभर घाट बंद होता. रविवारी फोन आला, "सतरावं वळण. संपलं," आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आकडा दिला नाही.

सोहळ्याला निम्मी माणसं आली. बसवाले संतापले, तुम्ही शुक्रवारी सात म्हणालात, रविवारी काड्या दाखवताय. संघाच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, शिबुएची नजर गेली आता. ओकाबे-सानांनी समजूतदारपणे मान डोलावली. "वयाने होतं असं," ते म्हणाले. "त्यांना काही बोलू नका." मी कपांत चहा ओतत होते. सगळ्यांच्या कपांत ओतला, एक थेंब सांडला नाही, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

त्याच आठवड्यात घाटातल्या बसचा ड्रायव्हर मिकामी फळ्यापाशी सिगरेट ओढत उभा होता.

"तुमचा म्हातारा सासरा व्हायला निघाला होता की काय?" तो म्हणाला.

"कोण?"

"शिबुए. बुध, गुरू, शुक्र, तिन्ही दिवस सतराव्या वळणावर. दाढी करून, कोट घालून. घडीची खुर्ची, थर्मास, मांडीवर डबा. मी दहाच्या फेरीला बघतोय, बाराच्या फेरीला बघतोय, तीनच्या फेरीला बघतोय, हा तिथंच. मी खिडकीतून ओरडलो, कोणाची वाट बघताय? तर हात हलवून म्हणाला, पुढे हो, तुझी नाही."

मला सगळं एकदम लख्ख कळलं. वृद्धाश्रमाची सहल. वर्षातून एकच, एका व्हॅनमधून, गुडघ्यांवर रग टाकून. भोंग्यावर आठ आलं की दुसऱ्या दिवशी व्हॅन निघते, आणि भाग्य असेल तर त्याच दिवशी. शिबुए-सानांनी आठ सांगितलं होतं आणि ते बायकोची वाट बघत बसले होते. मी मिकामीला विचारलं, डब्यात काय होतं? म्हणाला, मी काय उघडून बघू?

ते मला आश्रमातल्या परिचारिकेने सांगितलं. व्हॅन सोमवारी गेली. पानं गेली होती, पण म्हाताऱ्यांना कपडे घालून बसवलं होतं, आता काय उतरवायचं, म्हणून गेली. सतराव्या वळणावर शिबुए-सान उभे होते. खिडकीची काच खाली केली तेव्हा त्यांनी डबा आत दिला. उकडून सोललेले चेस्टनट, कारण हात्सुए-सानचा उजवा हात चालत नव्हता. तिने एक तोंडात टाकला, त्या सात उघड्या झाडांकडे बघितलं आणि म्हणाली, "इतक्या लवकर झाडू कोणी मारला रे?"

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

फेब्रुवारीत ती गेली. घाटात दोन माणसं उंच बर्फ होता. अंत्यविधीला मी काळा पोशाख करून रांगेत उभी राहिले, उदबत्ती लावली, आणि शिबुए-सानांसमोर वाकले. ते माझ्यापेक्षा खाली वाकले. "रोज सकाळी तुला त्रास देतो," ते म्हणाले, "आभारी आहे." मी घरी येऊन न्हाणीघराच्या टबात बसले, पाणी गार होईपर्यंत बसले. माझी चूक मला माहीत होती, पण ज्याचं नुकसान झालं तोच माझे आभार मानत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या एक ऑक्टोबरला सात वाजता फोन आला.

"सतरावं वळण. शून्य." आणि मग, आजवर कधी नाही ते, "लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच."

"शून्य," मी वाचलं.

"हं." फोन बंद.

त्या दिवसापासून रोज. लिहिलंस? वाच. हं. मला वाटलं, याला कळलंय. ओरडणार नाही, भांडणार नाही, गावात बोभाटा करणार नाही, पण आयुष्यभर रोज सकाळी सात वाजता माझ्याकडून वाचून घेणार. आणि मी वाचत राहिले. ओकाबे-सान त्यानंतरही एकदा म्हणाले, किनुए-चान, जरा ताणता येईल का? मी म्हटलं, खडू हा घ्या, तुम्ही ताणा. ते पुन्हा म्हणाले नाहीत. पण हे धैर्य मला एक वर्ष उशिरा आलं, आणि ते कोणाच्या कामाचं नव्हतं. कबूल करावं असं दर शरदात वाटायचं, आणि दर वर्षी पहिला बर्फ पडला की मी सुटकेचा श्वास सोडायचे, चला, आता पुढच्या ऑक्टोबरपर्यंत नाही. अशी दहा वर्षं गेली.

अकराव्या वर्षी, म्हणजे या वर्षी, सप्टेंबर संपताना शिबुए-सान स्वतः कार्यालयात आले. टोपी हातात, चालत. सत्याहत्तर वर्षांचे.

"लायसन्स पोलिसांकडे देऊन आलो," ते म्हणाले. "परवा वीस नंबरच्या वळणावर एक हरीण आलं. ते थांबलं म्हणून वाचलो. हरणाच्या अकलेवर गाडी चालवू नये. ट्रक तू चालव, आकडा तू दे."

"मी?"

"मग कोण, ओकाबे? त्याला पान आणि नोट यातला फरक कळतो का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या ट्रकातून त्यांना वर नेलं. वाटेत त्यांनी माझ्या गिअर टाकण्याला नावं ठेवली, ब्रेकला नावं ठेवली, आणि एकदा डोळे मिटून घेतले. सतराव्या वळणावर धुकं खाली बसलेलं, टपरीच्या जागी नुसता सिमेंटचा ओटा. त्यांनी हातमोजा काढायला लावला, झाडामागून झाड दाखवलं, पान ओढायला लावलं. "ओरबाडू नकोस. मागून बघ, देतंय का."

सातवं झाड झालं. ते ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "बस. तुझ्याशी एक काम आहे."

मला वाटलं, आलं. अकरा वर्षांनी आलं.

"त्या वर्षी," ते म्हणाले, "ज्या वर्षी वादळ आलं. बुधवारी मी तुला आठ सांगितलं."

"हो."

"सहाच होते."

"सहा?" मी विचारलं.

"पान सोडत नव्हतं. सातही झाडांचं ओढून बघितलं. पण मंगळवारी डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हात्सुएला पुढचा शरद नाही. या आठवड्यात मला वर ने, असं हात्सुएने मला तीनदा म्हटलं होतं. खरे आठ व्हायला रविवार उजाडला असता, आणि चार दिवसांचा मला भरवसा नव्हता. आठ म्हटलं की व्हॅन निघणार. म्हणून म्हटलं आठ. चोवीस वर्षांत एकदा खोटं बोललो." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "गुरुवारी संध्याकाळी हात्सुएला भेटायला खाली आलो, तर फळ्यावर सहा."

त्यांनी टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"आधी राग आला. मग म्हटलं, अरे, ही पोर वर जाते. मला न सांगता वर जाते आणि स्वतः बघते. शुक्रवारी मी हट्टाने पुन्हा आठ म्हटलं, आणि मिकामीकडून कळलं तू सात लिहिलंस. त्या दिवशी खरंच सात होते, किनुए. नेमके सात. तेव्हा माझी मान खाली गेली. आश्रमात फोन करून सांगता आलं असतं, घेऊन या म्हणून. पण काय तोंडाने? फळा खरा आणि मी खोटा. आणि तू गावात कोणाला बोलली नाहीस. लोक म्हणाले म्हाताऱ्याची नजर गेली, ते बरं होतं, खोटारडा म्हणाले असते त्यापेक्षा. तेव्हापासून तुझ्याकडून वाचून घेतो. म्हटलं, माझी चूक असेल तर ही बोलेल."

मग ते उठले, ओट्यासमोर नीट उभे राहिले, हात मांड्यांना लावले आणि माझ्यासमोर कमरेत वाकले. तो वाकलेला पांढरा माथा माझ्यासमोर किती वेळ होता, मला सांगता येणार नाही.

इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडून सांगायला हवं होतं की मी वर कधीच आले नव्हते, मी डोंगर बघितलाच नव्हता, मी रश्शासाठी सहा लिहिला आणि तुमच्या खोट्याला माझं खोटं योगायोगाने बरोबर बसलं. मी काय केलं? मी उठले आणि उलट वाकले. त्यांचा नमस्कार घेतला. पहिलं पाप मी चौतीसाव्या वर्षी केलं, भित्रेपणाने. हे पंचेचाळिसाव्या वर्षी केलं, डोळे उघडे ठेवून, आणि हे जास्त वाईट आहे.

एक ऑक्टोबरपासून फोन उलटा सुरू झाला. मी पहाटे वर जाते, खाली येते, आणि सात वाजता त्यांना फोन करते. त्यांनी फोनशेजारी कॅलेंडर टांगलं आहे, त्यावर आकडा लिहितात.

"सतरावं वळण. दोन."

"लिहिलं. वाचू?" आणि मी हो म्हणायच्या आत, "दोन." आवाजात मजा. रिटायर झालेल्या मास्तरने वर्गात मागच्या बाकावर बसावं तशी. तीन. तीन. चार. म्हातारा माणूस अकरा वर्षं स्वतःला खोटारडा समजून माझ्याकडे सज्जन म्हणून बघत होता, आणि मी ते बघून घेत होते.

पाच झाले त्या सकाळी मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "लिहिलं. वाचू?"

"शिबुए-सान," मी म्हटलं, "अजून एक लिहायचंय."

"काय?"

"त्या बुधवारी मी वर आले नव्हते. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. कधीच आले नव्हते. ओकाबे-सान म्हणाले शनिवारपर्यंत सहा ठेव, म्हणून ठेवला. शुक्रवारी सात कर म्हणाले, म्हणून केला. डोंगरावर किती होते मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं तेच लिहिलं असतं, तर हात्सुए-सान गुरुवारी वर आल्या असत्या. सहा तर सहा, पण पानं असती."

त्यांच्याकडे स्टोव्हवर किटली होती, तिची शिटी वाजायला लागली, वाजत राहिली, कोणी उठून उतरवली नाही.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "पुन्हा."

मी पुन्हा सांगितलं. पेन्सिलचा आवाज येत होता. ते खरंच लिहीत होते.

"लिहिलं," ते म्हणाले. मग वाचलं, आकडा वाचतात त्याच सपाट आवाजात. "किनुए वर आली नव्हती. आठ लिहिलं असतं तर हात्सुए आली असती. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

फोन त्यांनीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सातला मी फोन केला. नऊ वेळा घंटी वाजली. दहाव्याला उचलला.

"बोल."

"सतरावं वळण. सहा."

"पान ओढून बघितलंस?"

"बघितलं."

"सातही झाडांचं?"

"सातही."

"हातमोजा काढून?"

"काढून."

"हं," ते म्हणाले. "लिहिलं."

वाचून दाखवू का, असं त्यांनी विचारलं नाही. आता ते रोज हेच तीन प्रश्न विचारतात, आणि मी रोज तिन्हींची उत्तरं देते.